तालीम जवळ असताना कुंग फू कशासाठी?

प्रश्न : मी साताऱ्यात राहतो, वय ७१. तरुणपणी दहा वर्षे तालमीत घालवली. माझा सोळा वर्षांचा नातू घराजवळची तालीम सोडून आठवड्यातून तीन दिवस एका शाळेच्या सभागृहात भरणाऱ्या कुंग फूच्या वर्गाला जातो. त्याचे शिक्षक आपल्या शैलीला ‘हुंग गार’ म्हणतात. पाच महिने झाले, पण घोड्यावर बसल्यासारखे गुडघे वाकवून उभे राहणे आणि हवेत हात चालवणे यापलीकडे काही शिकवलेले दिसत नाही. कुस्ती आपली असताना मुलांना चिनी विद्या का हवीशी वाटते? हे सिनेमाचे वेड आहे का? आणि ही विद्या मुळात आपल्याच बोधिधर्म या बौद्ध भिक्षूने चीनला दिली, असे सांगतात ते खरे का?

उत्तर : आपल्या पत्रातली नाराजी मला ओळखीची आहे, कारण ती मी आमच्या घरातच ऐकली आहे. माझे वडील साताऱ्याच्याच एका तालमीत घडले. पहाटे उठून हौद्यातली माती उकरायची, जोर-बैठकांचा ठरलेला आकडा पुरा करायचा आणि वस्ताद ज्याच्याशी सांगतील त्याच्याशी लढत करायची, हा त्यांचा लग्न होईपर्यंतचा दिनक्रम होता. मलाही तेच शिकायचे होते. पण त्या काळी आमच्याकडे तालमीच्या उंबऱ्याच्या आत मुलीने पाऊल टाकायचे नसे. एकोणिसाव्या वर्षी शिक्षणासाठी पुण्याला गेले, तिथे विंग चुन या शैलीचा वर्ग सापडला, आणि मुलगी म्हणून मला कुणी परत पाठवले नाही, एवढ्याच कारणाने मी तिथे राहिले. चीनविषयी मला काडीची माहिती नव्हती. पुष्कळ माणसे अशीच, शैलीचा विचार करण्याआधी, जे दार उघडे असेल त्यातून आत गेलेली असतात. आपल्या नातवाच्या बाबतीत ते दार कोणते होते, मित्र, सिनेमा की शाळेत कुणी दिलेला त्रास, हे त्याला एकदा शांतपणे विचारून पाहा.

सिनेमाच्या वेडाला मी कमी लेखणार नाही. ब्रूस ली स्वतः किशोरवयात हाँगकाँगमध्ये इप मान यांच्याकडे विंग चुन शिकायला गेला, तो रस्त्यावरच्या मारामाऱ्यांमुळे. त्यात फार उदात्त असे काही नव्हते. इप मान हे फोशानचे. ते १९५० च्या सुमारास हाँगकाँगला आले आणि तिथे त्यांनी आरंभी शिकवले ते उपाहारगृहांतील कामगारांच्या संघटनेत. दिवसभर राबून संध्याकाळी सरावाला उभे राहणाऱ्या त्या माणसांचा विचार केला, की मला दुधाच्या किटल्या पोहोचवून तालमीत येणारे वडिलांचे सोबती आठवतात. माणसाला आत आणणारे कारण आणि त्याला पाचव्या वर्षीही तिथेच ठेवणारे कारण ही दोन वेगळी असतात, आणि पहिल्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही, असे माझे मत तीस वर्षांच्या सरावातून बनले आहे. नातू का गेला यापेक्षा, पाच महिने नुसते उभे राहून पाय भरून येत असतानाही तो अजून का जातो, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो.

आता त्या उभे राहण्याविषयी. ‘कुंग फू’ या शब्दाचा मूळ अर्थ वेळ आणि मेहनत घालून कमावलेले कौशल्य असा आहे. उत्तम स्वयंपाकाला किंवा सुलेखनालाही तो लागू पडतो. हुंग गार ही दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातली शैली असून तिचा सारा डोलारा रुंद, खोल बैठकीवर उभा असतो. दक्षिणेची मूठ आणि उत्तरेचा पाय अशी चिनी भाषेत म्हण आहे, आणि दक्षिणेच्या बऱ्याच शैलींत उंच लाथांपेक्षा घट्ट पाय रोवून जवळून हात चालवण्यावर भर असतो. घोडेस्वाराच्या बैठकीत मांड्या आणि कंबर तयार होतात हे खरेच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे धक्का बसला तरी तोल कुठून सावरायचा हे शरीराला कळते. आपणही पहिल्या महिन्यात धोबीपछाड शिकला नसाल. आधी सपाटे आणि बैठकाच मारल्या असतील. तरीही एक काळजी घ्यावी. गुडघा आतल्या बाजूला पडत असेल, किंवा वाटीच्या आसपास टोचल्यासारखे दुखत असेल, तर बैठक वर घेतली पाहिजे. माझ्या सुरुवातीच्या काळात एका शिक्षकाने दुखण्याकडे दुर्लक्ष करण्यालाच चिकाटी म्हटले, आणि त्या गुडघ्याची किंमत मी आजही मोजते आहे.

या शैलीशी जोडलेले सर्वांत प्रसिद्ध नाव १८४७ मध्ये जन्मलेल्या वोंग फेई-हुंग यांचे. ते लढवय्ये होते तसेच वैद्यही होते आणि दुखापतींवर उपचार करीत. सरकलेले हाड बसवून घ्यायला गावोगावी लोक वस्तादांकडे जात, हे आपण जाणताच. नात्यांची भाषाही आपल्याला परकी वाटणार नाही. कँटोनी भाषेत शिक्षकाला ‘सिफू’ म्हणतात आणि त्या शब्दात गुरू व पिता हे दोन्ही अर्थ येतात. आपल्या आधी आलेला तो ‘सिहिंग’, म्हणजे थोरला गुरुबंधू, मग तो वयाने लहान का असेना, आणि नंतर आलेला तो ‘सिदाई’. ज्या मुलाला घरी भावंड नाही, त्याला आठवड्यातून तीन संध्याकाळी थोरले आणि धाकटे भाऊ मिळतात. अनेक जण शैली न बदलता वर्षानुवर्षे एकाच वर्गात टिकून राहतात, त्यामागे मला हे नाते फार मोठे कारण वाटते.

बोधिधर्माविषयी मात्र आपल्याला थोडी निराशा पत्करावी लागेल. ही कथा ज्याच्याशी जोडली जाते ते हेनान प्रांतातले शाओलिन मंदिर इ. स. ४९५ च्या सुमारास, भारतातून गेलेल्या बातुओ या भिक्षूसाठी बांधले गेले, असे परंपरा मानते. बोधिधर्माचे नाव व्यायामाशी जोडणारा ‘यीजिनजिंग’ हा ग्रंथ मात्र सतराव्या शतकातला आहे. तांग हाओ या चिनी अभ्यासकाने १९३० च्या दशकातच हा संबंध विश्वासार्ह नसल्याचे दाखवून दिले. दुसऱ्याची विद्या आदराने शिकण्यासाठी ती आधी आपली ठरवण्याची गरज नाही, आणि कुस्तीलाही त्याने उणेपणा येत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला ५७ किलो वजनी गटात कांस्यपदक जिंकले. ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. नातवाला ते सांगा, आणि एखाद्या संध्याकाळी त्याच्यासमोर सलामी देऊन उभे राहा. खडाखडीत समोरच्याचा जोर हाताला कसा कळतो हे आपण त्याला दाखवा. त्याच्या शैलीत हाताचा पूल बांधणे, म्हणजे आपला हात समोरच्याच्या हाताला भिडवणे, कसे असते, हे तो आपल्याला दाखवील. दोघांनाही बोलायला बरेच काही सापडेल.

प्रश्न : मी ३४ वर्षांची असून कराडला नोकरी करते. घरी परतायला रात्र होते. एकदा बसस्थानकापासून एक माणूस बराच वेळ मागे आला, तेव्हापासून भीती बसली, म्हणून कुंग फूचा वर्ग लावला. आठ महिन्यांत दोन परीक्षा दिल्या, पट्टाही मिळाला. पण भीती तशीच आहे. माझे कारणच चुकीचे होते का?

उत्तर : मुळीच नाही. भीती हे या विद्येकडे येण्याचे अत्यंत प्रामाणिक कारण आहे आणि ते सांगताना आपण जराही संकोच करू नये. विंग चुनची दंतकथासुद्धा भीतीतूनच सुरू होते. एक गुंड यिम विंग-चुन नावाच्या मुलीवर लग्नासाठी बळजबरी करतो आणि न्ग मुई ही भिक्षुणी तिला लढायला शिकवते. या कथेला इतिहासाचा आधार नाही हे मला पुढे समजले, पण एकोणिसाव्या वर्षी तिने मला खूप धीर दिला होता.

आपल्या अडचणीचे कारण मला शिकवण्याच्या पद्धतीत दिसते. एकट्याने करायचे हालचालींचे संच पाठ करून परीक्षा देता येते. परंतु समोरचा माणूस खरोखर हात धरतो, ढकलतो, सोडत नाही, तेव्हा काय करायचे हे त्यातून कळत नाही. रंगीत पट्टे तर जपानी ज्युदोतून आले, जुन्या चिनी शैलींत ते नव्हते, आणि वारंवार परीक्षा व प्रत्येकीची वेगळी फी असेल, तर शिक्षकांना स्पष्ट प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. विचारा, की जोडीदाराबरोबर, त्याने विरोध करीत असताना, सराव कधी सुरू होणार? विंग चुनमध्ये त्यासाठी ‘ची साव’ असते; दोघांचे हात एकमेकांना चिकटलेले ठेवून दाब ओळखायचा. वूशू या चिनी युद्धकलांच्या स्पर्धात्मक खेळातल्या सांडा प्रकारात ठोसे, लाथा आणि पाडणे या तिन्हींची खरी लढत होते. मणिपूरच्या रोशिबिना देवीने त्यातच २०१८ मध्ये आशियाई स्पर्धेत कांस्य आणि २०२३ मध्ये हांगझोऊला रौप्यपदक मिळवले. विरोध करणाऱ्या जोडीदारासमोर आठवड्यातून दोनदा उभे राहिल्याने भीती संपेल असे मी म्हणणार नाही, पण तिच्यासह हालचाल करता येऊ लागेल.

वजनाने काही फरक पडत नाही असे सांगणाऱ्या शिक्षकावर मात्र विश्वास ठेवू नका. फरक पडतो, म्हणूनच कुस्तीत वजनी गट असतात. चांगला वर्ग आपल्याला अंतर राखायला, मोठ्याने ओरडायला, हात सोडवून उजेडाकडे आणि माणसांकडे पळायला सगळ्यात आधी शिकवील. ११२ हा क्रमांक फोनवर न पाहता लावण्याचाही सराव करा. मी माझ्या विद्यार्थिनींकडून तो करून घेते.

प्रश्न : वय ६६, वाईला राहतो, निवृत्त आहे. ताईची शिकावे असे मनात आहे. सौ. विचारतात, या वयात कुणाशी मारामारी करायची आहे? गुडघे थोडे कुरकुरतात.

उत्तर : ताईची हीसुद्धा कुंग फूचीच शैली असून तिचा उगम हेनानमधल्या चेन कुटुंबाच्या गावात मानला जातो. आज जगभर शिकवला जाणारा २४ हालचालींचा सोपा संच १९५६ मध्ये चीनमध्ये तयार झाला, आणि २०२० मध्ये युनेस्कोने ताईचीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. मारामारीचा प्रश्नच येत नाही. निवृत्तीनंतर आपल्या चुका दाखवणारे आणि त्या सुधारून घेणारे माणूस आयुष्यात सहसा उरत नाही, आणि माझ्याकडे येणारी साठीपुढची माणसे बहुतेक त्या एका गोष्टीसाठी टिकून राहतात. जमले तर वहिनींनाही सोबत न्या.

गुडघ्यांसाठी आधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. बैठक उंच ठेवा, गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच वाकू द्या आणि वजन असलेल्या पायावर शरीर वळवू नका. पहिले दोन महिने वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर हळूहळू नेण्याचीच हालचाल करा, तीही खुर्चीच्या पाठीला हात पोहोचेल इतक्या अंतरावर उभे राहून.