नांगर, अननस आणि विक्रेत्यांच्या गोष्टी

जुन्या चांदीच्या भांड्यांबद्दल पुन्हा तीच विचारणा : ‘या चिन्हाचा अर्थ काय?’ मागचा ठसा मात्र कुणी पाहिलेला नसतो.

इंग्लिश चमच्याच्या दांड्यामागे बारीक नांगर आहे. चमचा जहाजावरचा असेल का?

नाही. तो नांगर म्हणजे नक्षी नव्हे. १७७३ पासून चांदीची शुद्धता तपासणाऱ्या बर्मिंगहॅमच्या कचेरीची ती खूण आहे. शेजारी पंजा उचलून चालणारा सिंह असेल, तर हजारात ९२५ भाग चांदी. पण गोरहॅम ही अमेरिकी कंपनीही सिंह आणि नांगर उमटवायची. ठशाचा स्वच्छ फोटो जाणकाराला दाखवा.

चहादाणीच्या झाकणावर अननस का?

पाहुणचाराची खूण मानतात. युरोपात अननस एकेकाळी दुर्मिळ आणि महाग होता. त्यावरून वय ठरवू नका.

फ्रेंच काट्यांवर घराण्याचं चिन्ह पाठीमागे कोरलंय. चुकून?

नाही. तिथे काटे पालथे मांडायची रीत होती.

फळांची नक्षी आणि सोनेरी मुलामा असलेले चार चमचे बघितलेत. ‘१७९०चे आहेत, फळं म्हणजे समृद्धी’ असं विक्रेता म्हणतो. घ्यावेत का?

थांबा! या समृद्धीने अनेकांचे खिसे हलके केलेत. अठराव्या शतकातले साधे, सपाट चमचे व्हिक्टोरिया राणीच्या काळात फॅशनबाहेर गेले, तेव्हा कारागिरांनी त्यांवर द्राक्षं-नासपती उठवली आणि वाटीला सोन्याचं पाणी दिलं. म्हणजे ठसा खरा, चमचा खरा, नक्षी मात्र कित्येक दशकांनी नंतरची. वाटीच्या पाठीवरून अंगठा फिरवा. पुढच्या फळांचे खळगे लागतील. दांड्यावर कोरीवकाम जुन्या आद्याक्षरांना किंवा ठशाला छेदून गेलंय का, भिंगाने बघा. असे चमचे वाईट नसतात, मलाही आवडतात. पण ‘मूळ नक्षी’ म्हणून जास्त पैसे का मोजायचे? विक्रेत्याकडून पावतीवर ‘नक्षी नंतरची’ असं लिहून मागा. तो कां-कूं करू लागला, तर त्याच्याशी संबंध नसलेल्या पारख्याला दाखवल्याशिवाय बयाणाही देऊ नका.

द्राक्षवेलीच्या खाचांत काळं साचलंय. रसायनात बुडवू का?

मुळीच नको. त्या काळेपणामुळेच पानं उठून दिसतात. मऊ कापडाने वरवर पुसा. त्यापुढचं काम चांदीच्या संवर्धकाचं, आणि त्याला विचारायचं ते बुडवण्याआधी.