मानशीची दारं कोण उखडणार?

पहिल्यांदाच गेम मास्टर, म्हणजे भूमिका घेऊन खेळायच्या गोष्टीच्या खेळाचा सूत्रधार, होतोयस ना? मग खलनायक रंगवत बसू नकोस, टंचाई उभी कर. समज, जग बुडालंय, गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या खाजणाचा, म्हणजे खाडीकाठच्या भातशेतीचा, बांध तेवढा टिकलाय. बांधातल्या मानशीची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या झडपेची, दारं भरतीला आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात, म्हणून शेत खारं होत नाही. आता होडीतून माणसं आलीत, कडेवर पोरं. आत घेतलं तर भात आषाढापर्यंतही पुरणार नाही. खेळाडूंना विचार आणि गप्प बस; फासे नंतर. (हे गप्प बसणंच मला सर्वांत जड गेलं.)

आमच्या खेळातल्या एकाने सूडापोटी रात्री दारं उखडली. मी त्याचे गुण कापले नाहीत. पुढच्या बैठकीत पांढरं पडलेलं शेत दाखवलं, जिथे खारं पाणी सोसणारा कोरगुट भातही रुजला नाही. होडी परत हाकलून देणाऱ्याला मात्र गावाने मानाचा नारळ दिला.