प्रेस नोट लिहिणारीने चरित्र लिहावं का?

प्रश्न : ताई, मी मराठी सिनेमा आणि नाटकांचं पीआर, म्हणजे प्रसिद्धीचं काम करते, कॉलेज संपल्यापासून हेच. ट्रेलर लाँच, प्रेस शो, बाइट्स, रात्री अकराला "जरा फोटो बदलून दे ना" वाले फोन, सगळं झालं. आता कंटाळा आलाय. पण एवढी वर्षं कलाकारांना जवळून पाहिलंय, त्यांच्या गोष्टी माझ्याकडे साठल्यात. वाटतंय चरित्रं लिहावीत. एका ज्येष्ठ अभिनेत्याचं काम मी बघत होते, तेही म्हणाले की माझ्यावर लिही. घरचे म्हणतात पीआरवाल्यांना कोण सिरियसली घेणार? सुरुवात करू का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : अगं, घरच्यांना सांग की हा रस्ता जुना आहे. पत्रकार-लेखक ख्वाजा अहमद अब्बास 1936 मध्ये बॉम्बे टॉकीज या सिनेमा कंपनीचे पार्टटाइम प्रसिद्धी अधिकारी होते, आणि त्याच माणसाने पुढे सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर पुस्तक लिहिलं. 1938 मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून कोटणीसांसह पाच डॉक्टर गेले, चार परतले, 1942 मध्ये कोटणीस तिकडेच वारले, वय फक्त 32. त्याच पुस्तकावरून 1946 मध्ये व्ही. शांतारामांनी सिनेमा केला. ज्यांच्यासोबत अब्बासांनी 'आवारा' लिहिला ते आपले व्ही. पी. साठे, तेही प्रसिद्धीच्याच धंद्यातले. आणि अगदी तुझ्या लाइनमधलं उदाहरण म्हणजे बनी रूबेन. राज कपूरची प्रसिद्धी सांभाळली आणि मग राज कपूर, मेहबूब, दिलीपकुमार, प्राण, सगळ्यांची चरित्रं लिहिली. त्यामुळे "कोण घेणार" हा प्रश्न सोडूनच दे.

माझी शंका वेगळी आहे. तुला चांगलं लिहिता येतं हेच मला जरा खटकतंय, म्हणजे सांगते. कलाकार मालिका सोडतो तेव्हा तू काय लिहितेस? "तारखा जुळल्या नाहीत." ही ओळ तू किती वेळा टाइप केली असशील! तारखा जुळत होत्या, पेमेंट थकलं होतं किंवा सेटवर भांडण झालं होतं किंवा तो बिचारा आजारी होता आणि निर्मात्याला ते बाहेर जाऊ द्यायचं नव्हतं, हे तुला माहीत असतं आणि तू पांघरूण घालतेस, तोच तुझा पगार. चरित्रकाराचं काम बरोब्बर त्या ओळीपाशी सुरू होतं. त्या महिन्याच्या कॉलशीट्स (कुणी कधी सेटवर यायचं त्याचे कागद) कुठे असतील, प्रॉडक्शन कंट्रोलर कोण होता, मेकअपदादा अजून आहेत का, त्या आठवड्याच्या पेपरात काय आलं होतं. बाहेरचा माणूस "तारखा जुळल्या नाहीत" वाचून पुढे जाईल, तू थांबशील कारण अशी ओळ कशी शिजते ते तुला ठाऊक आहे. इथे तू इतरांच्या दहा पावलं पुढे आहेस, फक्त हात आपोआप झाकायला जातो तो आवरायला लागेल, आणि ते सोपं नाही. नाहीतर होतो तो गौरवग्रंथ. पंच्याहत्तरीला, रंगीत फोटो, मान्यवरांचे लेख, प्रकाशनाला पेढे. तो करायला हरकत काहीच नाही, पैसेही बरे मिळतात, पण त्याला चरित्र म्हणू नकोस.

म्हणून त्या ज्येष्ठ अभिनेत्यांना सध्या गोड बोलून थांबव. ते तुझे क्लायंट होते, तू त्यांच्याकडून पैसे घेतलेत, एखाद्या करारात गुप्ततेचं कलम असेल तर तो कागद आधी वकिलाला दाखव. शिवाय ते "माझ्यावर लिही" म्हणतायत म्हणजे बहुतेक शब्दांकन हवंय, मी सांगतो तू उतरव. शब्दांकन हलकं असतं असं नाही हं, अभिनेत्री हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्राची आठवण काढ, त्या बोलल्या, पत्रकार अरुण साधूंनी उतरवून घेतलं आणि काय दणदणीत काम झालं! पण त्या स्वतःबद्दल काही झाकत नव्हत्या. तुझे साहेब तसे बोलतील का, ते तुलाच माहीत.

पहिलं पुस्तक अशा कुणावर कर ज्याला कधी पीआर लागलाच नाही. जुने नेपथ्यकार, रंगभूषाकार, साउंडवाले, ऐंशीच्या घरातले. त्यांच्याकडे आत्ता जा, रेकॉर्डर घेऊन, पुस्तकाचं मागाहून बघू. माणूस बोलेल ते सगळं खरं नसतं, साल तर हमखास चुकतं, म्हणून पुण्यात लॉ कॉलेज रोडच्या फिल्म अर्काइव्हमध्ये (सिनेमांच्या सरकारी संग्रहालयात) बस, दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जुनी नियतकालिकं चाळ. आणि तुझी स्वतःची कात्रणांची फाइल, जुने ईमेल, आमंत्रणपत्रिका अजिबात फेकू नकोस, कोण कुठल्या तारखेला कुठे होतं हे त्यातून कळतं.

प्रश्न : माणूस हयात असेल तर परवानगी लागतेच का? आणि पैसे किती मिळतात? – तीच वाचक, दुसऱ्या मेलमध्ये

उत्तर : सार्वजनिक नोंदींवरून लिहायला परवानगी लागत नाही, सुप्रीम कोर्टाने 1994 मध्ये ऑटो शंकर प्रकरणात, म्हणजे तुरुंगातल्या एका कैद्याचं आत्मचरित्र छापण्यावरून झालेल्या खटल्यात, हे स्पष्ट केलंय. त्यापलीकडे खासगी आयुष्यात शिरलीस तर जबाबदारी तुझी. माणूस गेला म्हणून बिनधास्त लिहू नकोस, मृत व्यक्तीच्या बदनामीवरूनही नातेवाईक फौजदारी करू शकतात. कुणाची पत्रं मिळाली तर कागद तुझ्या हातात असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो, मृत्यूनंतरही बरीच वर्षं. फोटोंचंही तेच, "स्टुडिओने दिलाय" एवढ्यावर छापायचा नाही.

पैशाचं म्हणशील तर हिशोब कर, हजार प्रतींची आवृत्ती, किंमत 400, रॉयल्टी दहा टक्के धरली तर सगळी आवृत्ती खपल्यावर 40 हजार. तेही लगेच नाही. त्यामुळे नोकरी सोडू नकोस, नाटकांची दोन-तीन कामं ठेव, फक्त ज्याच्यावर लिहितेयस त्याचं काम घेऊ नकोस.