मानधनाची ओळ खोडून दिवे देणाऱ्या कंपनीला काय उत्तर द्यावं?

दादा, तुमची पोस्ट वाचून आमचाच जुना ईमेल कुणी परत पाठवलाय असं वाटलं. कंपनी कोलाम पोडांवर (कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवर) 250 सौर दिवे आणि दप्तरं द्यायला तयार आहे. तुम्ही मागितलं होतं संध्याकाळचा वर्ग घेणाऱ्या दोन बायकांचं मानधन. त्यावर उत्तर आलं, "मानधन ओव्हरहेडमध्ये, म्हणजे वरखर्चात येतं, 5 टक्क्यांच्या वर कायद्यानेच देता येत नाही." घ्यावं की नाकारावं, हा तुमचा प्रश्न. वर बऱ्याच जणांनी "मिळतंय ते घ्या, गरिबाला काय कमी आहे का गरज" असं लिहिलंय. मला ते पटत नाही, म्हणून जरा लांबण लावते.

आम्ही बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांच्या मुलांसाठी काम करतो. 12ए, 80जी, सीएसआर-1 या आयकराच्या आणि कंपनीचा पैसा घ्यायच्या नोंदण्या तुमच्या झालेल्या दिसतायत, त्यात शिरत नाही. मी सीए नाही की वकील नाही. खालचं सगळं कागद वाचून आणि धक्के खाऊन कळलेलं आहे. सही करण्याआधी तुमच्या सीएला दाखवा.

आधी त्या 5 टक्क्यांचं. 22 जानेवारी 2021 ला सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांना कायद्याने कराव्या लागणाऱ्या सामाजिक खर्चाचे नियम बदलले, तेव्हापासून "प्रशासकीय खर्च" म्हणजे कंपनीने स्वतःच्या घरात सीएसआर विभाग चालवायला केलेला खर्च. त्यांचं ऑफिस, त्यांची माणसं. तो कंपनीच्या त्या वर्षीच्या एकूण सीएसआर खर्चाच्या 5 टक्क्यांवर जायचा नाही. प्रकल्प आखायला, राबवायला, त्यावर देखरेख ठेवायला थेट लागणारा खर्च त्यात धरतच नाहीत. त्याच वर्षी 25 ऑगस्टला केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने प्रश्नोत्तरांचं परिपत्रक काढलं. शिक्षणाच्या प्रकल्पातल्या शिक्षकांचा पगार आणि प्रशिक्षण हा प्रकल्पाचाच खर्च, असं त्यात म्हटलंय. राबवणाऱ्या संस्थेचा व्यवस्थापनाचा खर्चही कंपनीच्या प्रशासकीय खर्चात मोजायचा नाही, हेही त्यात आहे. म्हणजे तुमच्या दोन वर्गताईंचा त्या 5 टक्क्यांशी काडीचा संबंध नाही. कंपनीला द्यायचं नसेल तर तिने तसं सरळ सांगावं. कायद्याच्या आडून कशाला?

आमच्या वेळी हे सांगणारं कुणी नव्हतं असं नाही. सांगूनही ऐकणारं कुणी नव्हतं. कंपनी चांगली होती, वरचे साहेब गावात येऊन गेले होते, पिठलं-भाकरी खाऊन गेले होते. पण मध्ये एक ऑफिस होतं. कंपनीने सीएसआरचं काम बघायला नेमलेलं, शहरातलं, नाव घेत नाही. आमचं अंदाजपत्रक त्यांच्याकडून एक्सेलमध्ये परत आलं तेव्हा "गावकार्यकर्ती मानधन" ही ओळ पिवळी केलेली होती आणि शेजारी शेरा होता: "हे बेनिफिशरीला डायरेक्ट जात नाही. किटमध्ये कन्व्हर्ट करा."

मी परिपत्रकाचं पान जोडून उत्तर पाठवलं. तिकडून तोच शेरा, यावेळी लाल. फोन केला तर म्हणे, "मॅडम, आमच्या फॉरमॅटमध्ये मानधनाला कॉलमच नाही."

किट म्हणजे दप्तर, पाण्याची बाटली, कंपास, वह्या आणि लोगोवाली टोपी. करार झाला दिवाळीनंतर, माल आला फेब्रुवारी सरता सरता. आता ऊसतोड ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात. सांगली, कोल्हापूर, पुढे कर्नाटकापर्यंत. पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, मार्च-एप्रिलात. ज्या मुलांच्या नावाने दप्तरं आली त्यातली कितीतरी तेव्हा फडावर, पालात. वाटपाला अट काय, तर लाभार्थी स्वतः हजर हवा, फोटो जिओटॅग, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला हवा. एक आजी आली, म्हणाली, नातू कारखान्यावर आहे, मी नेते, पट्टा पडल्यावर देते. फोटो काढणाऱ्या पोराने यादी बघितली, बिचाऱ्याने फोन लावून विचारलं, आणि नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळपर्यंत दप्तरांची चळत तशीच. मग वरून निरोप आला की आकडा भरायला तालुक्याच्या शाळेतली मुलं चालतील. ज्यांच्या पाठीवर आधीच दप्तर होतं त्यांना दुसरं मिळालं. अहवालात आकडा पूर्ण.

दप्तरांचं एक वेळ सोडा. खरा फटका मानधन गेल्याने बसला, आणि तो कुठल्याच अहवालात आला नाही. आमची गावकार्यकर्ती दसऱ्याच्या आधी घरोघर जाते. कोणतं पोर आजीपाशी राहू शकतं, कोणती आजी खाटेवर आहे, कुणाच्या घरी थोरली पोरगी धाकट्याला सांभाळायला म्हणून फडावर नेणार आहेत, ही सगळी यादी तिच्या डोक्यात असते. राहणाऱ्यांची नावं शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृहात घालायची, जाणाऱ्यांना शिक्षण हमी कार्ड मिळवून द्यायचं, मग हंगामभर आईबापांना फोन, म्हातारीला धीर, मास्तरांच्या मागे तगादा. तिचा पैसा बंद झाला. आमच्या एका गावातल्या कार्यकर्तीने सरळ मुकादमाकडून उचल घेतली आणि नवऱ्याबरोबर कोयत्यावर गेली. तिला काय म्हणून थांबवणार होते मी? ज्या पोरांना तिने गावात ठेवलं असतं त्यातली बरीच त्या हंगामात टोळीबरोबर गेली. तिचीही दोन्ही गेली. पुढच्या वर्षी तिच्या तोडीची बाई आम्हाला मिळाली नाही, कारण गावातल्या सगळ्यांनी बघितलं होतं की संस्थेचं काम म्हणजे सहा महिन्यांनी हात वर.

"तुमच्या देणगीचा 100 टक्के पैसा गरजूपर्यंत" असं छापणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. बियाणं देऊ, खत देऊ, पण पेरणाऱ्याची मजुरी मागू नका, असला हा प्रकार. एक तर मजुरी दुसरीकडून कुणीतरी गुपचूप भरतंय, नाहीतर पेरणीच होत नाही.

दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर खाली लगेच कुणीतरी येईल. संचालक, संचालकाची बायको, मेव्हणा, सगळे पगारावर आणि गावात चिटपाखरू नाही, अशा संस्था मी डोळ्यांनी बघितल्यात. देणाऱ्याला संशय येतो तो उगाच नाही. पण त्याला उपाय आहे. मानधन कुणाला, किती, कुठल्या गावात, हे कागदावर मागा आणि गावात जाऊन त्या बाईला भेटा. ओळच खोडून टाकली की चोर आणि कष्टकरी दोघंही बाद होतात, आणि चोर दुसऱ्या ओळीतून काढतोच.

यादीबद्दल बोलायचंच तर, रेशनकार्डावरून किंवा सरपंचाने दिलेल्या कागदावरून लाभार्थी ठरवू नका. आमच्याकडे त्यात तांडे सुटतात, आणि एकल बाया तर हमखास सुटतात. नवऱ्याने टाकलेली, सासरच्या कार्डात नाव अडकलेली, राहते भावाच्या पडवीत. कागदावर ती कुठल्याच घरात नसते. तुमच्या पोडांवर असंच काही वेगळं असेल, ते वर्गताईंना ठाऊक असणार. कंपनीच्या माणसाला सांगा की अचूक यादी ही फुकट मिळणारी वस्तू नाही, आणि ती ज्या बाईकडे आहे तिच्याच मानधनावर तुम्ही काट मारताय.

लोकांना विचारून दिलं तर काय होतं, याला मराठवाड्यातलाच दाखला आहे. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप. तेव्हा सर्वात जास्त नुकसान झालेली 52 गावं नव्या जागी बसवली. पुष्कळ ठिकाणी नकाशा शहरातल्या कॉलनीसारखा: रुंद रस्ते, सरळ रांगा, घरं लांब लांब. बोळ, भावकीची गल्ली, वाड्याचं अंगण, जनावराची जागा, हे कुणी मोजलंच नाही. माणसं नंतर आपापल्या परीने भिंती घालत, छपरं काढत बसली. कमी नुकसानीच्या गावांत वेगळी पद्धत होती. पैसा हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या हाती, सल्ल्याला इंजिनियर, आणि घर ज्याने त्याने उभं करायचं. तिथे प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावातल्याच बायकांना संवाद सहायक म्हणून पुढे आणलं. कुठला हप्ता आला, कुठे अडला, भिंत भूकंपात टिकेल अशी कशी बांधायची, हे त्या लोकांपर्यंत नेत आणि लोकांचं म्हणणं वर पोचवत. दोन्हीकडे पैसा बाहेरूनच आला, ठरवणारे तेवढे निराळे. लातूर, धाराशिवकडचं कुणी इथे असेल तर त्यांनी भर घालावी, मी तिथे काम केलेलं नाही.

आता तुमचं. मी तुमच्या जागी असते तर दिवे लगेच नाकारले नसते. आधी एक ईमेल टाकला असता, थेट कंपनीच्या सीएसआर समितीला, आणि तुमच्याकडेही असं मधलं ऑफिस असेल तर प्रत त्यांना. त्यात 2021 च्या नियमातली "प्रशासकीय खर्चा"ची व्याख्या आणि 25 ऑगस्टच्या परिपत्रकातलं उत्तर जसंच्या तसं चिकटवायचं. स्वतःच्या शब्दांत सांगत बसू नका, तिथे फाटे फुटतात. अंदाजपत्रकात "मानधन" असा सुटा शब्दही नको. "पोडावरच्या संध्याकाळच्या वर्गाच्या शिक्षिका, इतके महिने" असं लिहा. आहे तेच लिहायचं, फक्त पूर्ण.

मग "ऑनगोइंग प्रोजेक्ट" (एकाहून जास्त वर्षं चालणारा प्रकल्प) म्हणून मंजुरी मागा. मार्च आला, पैसा संपवा, ही घाई सगळीकडे दिसते, पण चालू प्रकल्पाचा न खर्चलेला पैसा वर्ष संपल्यावर 30 दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येतो. याचा उल्लेख केला की आपण वाचून आलोय हे समोरच्याला कळतं. वर्ग एका वर्षात उभा राहत नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच.

तरी नाहीच म्हणाले तर? दिवे घ्यायचे की नाही हे पोडांवर बसून विचारा. संस्थेच्या मीटिंगमध्ये नको. त्यांना दिवे हवे असतील तर घ्या, आपण कोण नको म्हणणारे. फक्त करारात तीन-चार गोष्टी घालून घ्या: बॅटरी उतरली तर बदलून कोण देणार, दुरुस्तीला माणूस कुठून येणार, वाटप कुठल्या महिन्यात, आणि गैरहजर मुलाचा दिवा घरच्यांना देता येईल. ही शेवटची ओळ आमच्या करारात नव्हती. दिवे आणायला-वाटायला लागणारी गाडी आणि मजुरीही लिहून घ्या. फुकटच्या मालाची हमाली आपल्यालाच पडते.

मानधनाचा पैसा तोवर दुसरीकडून उभा करा. आमचा निम्मा भार आता गावातून बाहेर पडलेल्या नोकरदारांवर चालतो, महिन्याला ठरलेली छोटी रक्कम, कशावर खर्च करायची याची अट नाही. कंपनीच्या लाखांपेक्षा ही रक्कम मला जास्त कामाची वाटते. त्यांना सांगून ठेवा, 2000 च्या वर रोख दिलं तर 80जी ची, म्हणजे देणगीवरची आयकराची सवलत नाही, आणि वस्तू दिल्या तरी नाही. कुणाचा भाऊ दुबईला किंवा अमेरिकेत असेल आणि पासपोर्ट अजून भारताचाच असेल, तर त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेला पैसा परदेशी देणगी धरत नाहीत. पासपोर्ट बदलला असेल तर एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) खालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घेऊ नका, सख्खा भाऊ असला तरी.

आणि हिशोब ग्रामसभेत वाचा. देणाऱ्याला यूटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसा कुठे खर्चला याचा दाखला जातो, गावाला काहीच जात नाही. आम्ही आता जमाखर्च शाळेच्या भिंतीला डकवतो, मानधनाच्या आकड्यासकट. पहिल्या वर्षी कुरबुर झाली, "हिला एवढे?" म्हणून. मग तीच माणसं तिला वर्गाची वेळ विचारायला लागली, खाडा झाला की जाब विचारायला लागली. कुठल्या ऑफिसची देखरेख इतकी कडक नसते.

ईमेलचा मसुदा हवा असेल तर निरोप टाका, आमचा आहे तो देते. बाकी दिवे घेतलेच तर बॅनर त्यांनाच छापून आणायला सांगा. आमच्या फ्लेक्सचं बिल शेवटी आमच्याच "ओव्हरहेड"मध्ये टाकलं होतं.