रात्री घामाने कपडे भिजतात आणि सोनोग्राफीत पानथरी वाढलेली आली, कशामुळे असेल?

दोन्ही एकत्र असतील तर आधी मलेरिया, टायफॉइड, क्षय असा जंतुसंसर्ग आणि मग लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कर्करोग) किंवा रक्ताचा कर्करोग, हे तपासायला हवं. पानथरी (प्लीहा) ही डाव्या बरगड्यांखालची रक्ताची चाळणी. मलेरियात जंतू शिरलेल्या तांबड्या पेशी तिथे अडकतात, म्हणून ती फुगते. हुडहुडी भरून ताप चढतो आणि उतरताना अंग घामाने निथळतं. गुरांमध्ये वावर असेल किंवा कच्चं दूध पिण्यात आलं असेल तर ब्रुसेलोसिसचा (जनावरांकडून माणसाला होणारा जिवाणूंचा ताप) विचार करा, हा प्रश्न बरेचदा विचारलाच जात नाही. हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाला तरी हेच चित्र दिसतं. बिहार-झारखंडकडे राहून आला असाल तर काळा आजारही (वालुमाशी चावल्याने होणारा कालाआजार).

चादर बदलावी लागेल इतका घाम, सहा महिन्यांत दहा टक्के वजन कमी, मानेत किंवा काखेत न दुखणारी गाठ, असं असेल तर मात्र उशीर करू नका. सुरुवात साध्या तपासण्यांनी होते:
- सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघणं (मलेरिया आणि रक्ताचा कर्करोग, दोन्हींचा सुगावा इथे लागतो)
- ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते बघणं), छातीचा एक्स-रे

एक लक्षात घ्या, दोन्हींचं कारण एकच असेल असं नाही. लिव्हर सिरोसिसनेही (यकृत आकसून कडक होणं) पानथरी वाढते आणि घाम थायरॉइडचा असू शकतो. निदान होईपर्यंत जड वजन उचलणं, कबड्डीसारखे खेळ बंद ठेवा, वाढलेली पानथरी माराने फुटते. डाव्या कुशीत अचानक कळ येऊन खांद्याकडे गेली तर लगेच इस्पितळ गाठा.