पहिल्या रविवारी थांबत जा

प्रिय बाळा,

जय ख्रिस्त.

तुझा मेसेज वाचला. उपासनेत मन लागत नाही, त्यापेक्षा मोबाइलवरचे उपदेश बरे, मग रविवारची झोप मोडून डोंबिवलीहून भायखळ्याला कशाला यायचं, हा तुझा प्रश्न. उपदेशाबद्दल मी वाद घालत नाही. आपले पाळकसाहेब कधीकधी खरंच लांबवतात.

पण बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ काढून दुसऱ्या अध्यायातलं बेचाळिसावं वचन वाच. पहिली मंडळी कशात तत्पर होती, तर प्रेषितांचं शिक्षण, सहवास, भाकर मोडणं आणि प्रार्थना. शिक्षण तुला मोबाइलवर मिळेल, प्रार्थना खोलीचं दार लावूनही होईल. मधल्या दोन्हींना माणसं लागतात, आणि तीही आपण न निवडलेली. खरी अडचण तिथं आहे, तुझीही आणि सगळ्यांचीच.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घेणं. नेमका त्याआधी, उपदेश संपला की तू मागच्या दारानं सटकतोस, हे मला दिसतं. ‘अयोग्य प्रकारे’ ही भाकर खाण्याबद्दल प्रेषित पौलानं लिहिलंय, त्याचा धाक आपल्याकडे पुष्कळांना असतो. पण करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय सबंध वाच. तिथं काय चाललं होतं? काहीजण आधीच खाऊन-पिऊन तर्र व्हायचे आणि गरीब उपाशी बसायचे. पौल भडकलाय तो यावर. अध्याय संपता संपता तो उपाय सांगतो, तोही किती साधा: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. स्वतःची परीक्षा कर, जरूर कर. पण परीक्षा करून मग भाकर खावी असंच तो म्हणतो, उठून घरी जावं असं म्हणत नाही. मेगाब्लॉकमुळे कल्याणची मंडळी धापा टाकत उशिरा येतात, तेव्हा बाकावर सरकून जागा देणं हीसुद्धा त्या मेजाचीच तयारी आहे.

आणि प्रभुभोजन झाल्यावरही थोडा थांब. ट्रेमधले ते बोटभर उंचीचे पेले पाहिलेस? मनुका उकळून केलेला रस तळाशी चिकटून बसतो, नुसतं विसळून निघत नाही. महिला संघातल्या दोघी-तिघी मागच्या खोलीत गरम पाणी घेऊन एकेक पेला करंगळीनं घासत असतात. तू जा, कापड घे आणि पुसायला लाग. कुणाचं डायलिसिस सुरू झालं, कुणाच्या मुलीचं लग्न मोडलं, कुणाची बिल्डिंग रिकामी करायची नोटीस आली, हे तिथं कळतं. वेदीवरून जाहीर होणाऱ्या प्रार्थनाविनंत्यांत यातलं निम्मंही येत नाही.

बाप्तिस्म्याबद्दल तुझे ऑफिसातले मित्र जे म्हणतात, की लहानपणी कपाळावर पाणी घातलं ते धरायचं नाही, पुन्हा बुडून घे, त्यावर एवढंच सांगतो. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा बालकांना बाप्तिस्मा देणारे आणि फक्त प्रौढांना देणारे, दोन्ही एकाच मंडळीत आले. दोन्ही पद्धती मान्य झाल्या. पण एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा नाही. तुझ्यासाठी आईबापांनी दिलेलं वचन तू दृढीकरणाच्या दिवशी आपल्या तोंडानं घेतलंस. मित्रांशी भांडू नकोस. नम्रपणे नाही म्हण.

गाण्यांना तू जुनाट म्हणालास. असेल. पण ‘उपासना संगीत’ हे आपलं गीतांचं पुस्तक उघडलंस की कवी नारायण वामन टिळक भेटतात. हा माणूस १८९५ साली मुंबईतच बाप्तिस्मा घेऊन आला आणि येताना अभंग बाहेर ठेवून आला नाही. भाषांतरित गीतं मी गातो. टिळकांची गाताना मात्र टाळ हातात घ्यावासा वाटतो. तुला तबला येतो ना? मग तक्रार काय करतोस, पुढं येऊन बस.

दानाचं थोडक्यात. दाराशी क्यूआर कोड आहे, पण थैली समोर आली म्हणून खिसे चाचपण्यापेक्षा पगार झाल्याबरोबर दशांश वेगळा काढ. दशांश झेपत नसेल तर झेपेल तेवढा, पण आधी काढ.

आता एक काम. आपल्या मंडळीतले एक आजोबा परळला हॉस्पिटलात आहेत. वॉर्ड आणि भेटीची वेळ पाळकसाहेबांकडून घे. या आठवड्यात ऑफिस सुटल्यावर जाऊन ये. फळं नेऊ नकोस, त्यांना साखर आहे. उपदेशही करू नकोस. तेविसावं स्तोत्र वाच, पण उजव्या कानाशी आणि जरा मोठ्यानं. डाव्यानं त्यांना ऐकू येत नाही.

तुझा,
काका