हायवेसाठी जुनी डिझेल सेडान घ्यायची आहे. कमी किलोमीटर चाललेली घ्यावी की जास्त चाललेली?

तुमच्या प्रश्नात दोन गाड्या आहेत. एक सहा वर्षांची, ५२,००० किलोमीटर, एकच मालक, सगळं रनिंग शहरातलं. दुसरी चार वर्षांची, १,६०,००० किलोमीटर, कंपनीच्या नावावरची, सगळी बिलं हजर. तुमचं रनिंग आठवड्याला हजार किलोमीटर, जवळजवळ सगळं हायवेचं. आणि शेवटी लिहिलंय, "घरचे सगळे पहिलीच घे म्हणतात."

दुसरी घ्या.

एवढंच लिहून थांबणार होतो, पण ते शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवेना. नऊ वर्षांपूर्वी मी नेमका याच जागी उभा होतो आणि घरच्यांचं ऐकलं होतं.

मी छपाईयंत्रांची दुरुस्ती करतो. तेव्हा नवं काम लागलं होतं, सोमवारी पहाटे साडेतीनशे किलोमीटर जायचं आणि शुक्रवारी रात्री परत. मी एक गाडी हेरून ठेवली होती. १,७०,००० चाललेली, एका कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने वापरलेली. ड्रायव्हर सीटची दाराकडची कड घासून मऊ झालेली, बोनेटवर खड्यांचे टवके. पण डिकीत जाड फाइल होती. प्रत्येक ऑइल चेंज १५,००० च्या आत, गिअरबॉक्सचं ऑइल एकदा बदललेलं, ब्रेक, टायर, सगळ्याच्या तारखा आणि किलोमीटर. ती फाइल वाचूनच माझं मन बसलं होतं.

माझ्या बायकोचे थोरले भाऊ, त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, त्यांनी ओडोमीटर बघितला आणि दार लावून घेतलं. "दाजी, एवढी घासलेली गाडी? इंजिनात काय उरलंय आता?" दुसऱ्या दिवशी त्यांनीच एक गाडी आणली. ४८,००० किलोमीटर. मालक घर ते दुकान, दुकान ते घर. आतून अजून नव्या गाडीचा वास येत होता. मागच्या सीटवर कोणी बसलंच नसावं.

मी बोनेट उघडून डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं. पुसून परत घातली, परत तेवढंच. नाकाशी धरली तर वास ऑइलचा कमी आणि डिझेलचा जास्त. आयुष्यभर बेअरिंगच्या तेलात हात घातलेत, पातळ झालेलं तेल बोटांना कळतं. मी म्हटलं, "दादा, हे बघा." त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "बघा, ऑइलसुद्धा भरभरून आहे. किती जपलीय गाडी!" मालक समोरच उभा होता. दादा आमच्या घरात मोठे. मी गप्प बसलो.

त्या बोटभर ऑइलचा अर्थ मला तेव्हाच सांगता यायला हवा होता, म्हणून तुम्हाला नीट सांगतो. डिझेलच्या धुरातली काजळी डीपीएफमध्ये, म्हणजे एक्झॉस्टमधल्या काजळीच्या फिल्टरमध्ये, अडकते. ती जाळण्यासाठी गाडी अधूनमधून सिलिंडरमध्ये उशिराने थोडं जादा डिझेल सोडते, त्यामुळे फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापतो आणि काजळी जळून जाते. याला रिजनरेशन म्हणतात. गाडी चालती असताना त्याला दहा-वीस मिनिटं लागतात. हायवेवर ते कधी झालं हे तुम्हाला कळतही नाही. पण घर ते दुकान दहा मिनिटांत संपतं. मालक चावी फिरवतो, काम अर्धवट राहतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू, पुन्हा अर्धवट. प्रत्येक वेळी जादा सोडलेल्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतो. ऑइलची पातळी वाढते आणि ऑइल पातळ होत जातं. खुणेच्या वर गेलेलं ऑइल ही जपणुकीची नाही, आजाराची खूण आहे.

गाडी घेतल्यावर मला आधी ऑइल बदलायचं होतं. "मागच्याच महिन्यात बदललंय, दारावरचा स्टिकर बघा, उगाच खर्च कशाला," म्हणून तेही राहिलं. इथे चूक माझी. दादांचं ऐकायला नको होतं.

अडीच महिने, नऊ हजार किलोमीटर. एका शुक्रवारी रात्री चढावर पिकअप गेला. इंजिनचा पिवळा दिवा लागला, गाडी लिंप मोडमध्ये गेली, म्हणजे इंजिन वाचवायला तिने आपणहून ताकद कमी केली, तीन हजार आरपीएमच्या वर काटा जाईना. मागून ट्रक हॉर्न देत होते. उरलेले नव्वद किलोमीटर मी डाव्या कडेने चाळीस-पन्नासच्या वेगाने काढले.

मेकॅनिकने एअर पाइप काढला आणि मला बोलावून दाखवलं. टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा, शाफ्ट दोन बोटांत धरून हलवला. थोडा ढिलेपणा चांगल्या टर्बोतही असतो, शाफ्ट ऑइलच्या पापुद्र्यावरच तरंगत फिरतो. पण इथे पंखा हाउसिंगला टेकत होता. ॲल्युमिनियमवर गोल चकचकीत ओरखडा पडला होता आणि पाइपच्या आत ऑइल ओघळलं होतं. टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, त्याला पातळ तेल चालत नाही. बेअरिंग गेलं, सीलमधून ऑइल एक्झॉस्टमध्ये गेलं आणि त्या ऑइलने डीपीएफ बुजवला. टर्बो, डीपीएफ आणि मजुरी मिळून गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा गेला.

मला खर्चापेक्षा लागलं ते दादांचं बोलणं. घरी सगळ्यांसमोर म्हणाले, "तीन-तीन तास सलग पळवता, मधे दम देत नाही, गाडी मरणारच." नऊ वर्षं झाली, अजूनही लग्नाकार्यात कोणाची गाडी निघाली की हे ऐकावं लागतं. म्हणून तुमच्या गाड्यांवर एक हिशोब मांडतो.

पहिली गाडी. ५२,००० किलोमीटर, शहरातली एक फेरी पाच किलोमीटरची धरा. म्हणजे इंजिन १०,४०० वेळा सुरू झालं, आणि त्यातल्या बहुतेक वेळा थंड. शहरात सरासरी वेग ताशी सोळा किलोमीटर धरला तर इंजिन चाललं ३,२५० तास. दुसरी गाडी. १,६०,००० किलोमीटर, एक फेरी १६० किलोमीटरची धरली तर एक हजार वेळा सुरू. सरासरी वेग ऐंशी, म्हणजे चाललं २,००० तास. ओडोमीटर तिप्पट, आणि इंजिन मात्र साडेबाराशे तास कमी चाललेलं. आमच्या धंद्यात यंत्राचं वय तासांत मोजतात, गाडीचं का नाही मोजत? शिवाय इंजिन झिजतं ते थंडपणी, ऑइल वरपर्यंत पोचायच्या आत. ब्रेक, क्लच, स्टिअरिंगचे जोड, दारांच्या बिजागऱ्या, हेही शहरातच झिजतात. वरच्या गिअरमध्ये १,८०० आरपीएमवर शंभरने चाललेलं गरम डिझेल इंजिन हे त्याच्या सगळ्यात सुखाच्या अवस्थेत असतं. त्याला दम द्यायची गरज नसते, दम माणसाला लागतो. तो मी दर दोन तासांनी घेतो.

आता कोणती गाडी हा तुमचा खरा प्रश्न. मॉडेल तुम्ही लिहिलेली नाहीत, त्यामुळे काही नावं मीच घेऊन सांगतो, थोडक्यात.

बीएमडब्ल्यू ५२०डी बघत असाल तर इंजिन कोणतं ते विचारा. एन४७ इंजिनात टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, त्यामुळे चेनचं काम निघालं की मजुरी प्रचंड. २००७ ते २०११ च्या गाड्यांत ही तक्रार जास्त. २०१४ पासून बी४७ आलं. चेन मागेच आहे, पण मी दोन्हींतून निवडायचं तर डोळे झाकून बी४७ घेईन. मर्सिडीज ई-क्लासमध्ये चार सिलिंडरचं २२० हायवेला पुरून उरतं. २०१६ साली आलेलं ओएम६५४ इंजिन मिळालं तर आधीच्या ओएम६५१ पेक्षा शांत आहे. सहा सिलिंडरचं ओएम६४२ चालवायला राजेशाही, पण त्याचा ऑइल कूलर दोन बाजूंच्या सिलिंडरांमधल्या खोबणीत खाली बसवलाय. त्याचे सील गळायला लागले की वरचं अर्धं सामान उतरवावं लागतं. स्कोडा सुपर्बच्या २.० टीडीआय डिझेल इंजिनाला चेनऐवजी टायमिंग बेल्ट आहे. बदलल्याचं बिल नसेल तर बदललेलाच नाही असं धरा, वॉटर पंपासकट. मला विचाराल तर निव्वळ हायवेसाठी सुपर्बइतकी समजूतदार गाडी नाही, बिल्ला बघून गाडी घेणाऱ्यांना ते पटत नाही ही वेगळी गोष्ट.

गिअरबॉक्स ऑटोमॅटिक असेल तर "याचं ऑइल आयुष्यभर बदलावं लागत नाही" हे विक्रेत्याचं वाक्य एका कानाने ऐका आणि दुसऱ्याने सोडा. झेडएफ या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीचा आठ गिअरचा बॉक्स बऱ्याच गाड्यांत आहे, आणि खुद्द झेडएफ ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला ऑइल बदला म्हणते. तुमच्या दुसऱ्या गाडीच्या फाइलमध्ये हे बिल शोधा. नसेल तर तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा, गाडी सोडू नका. मॅन्युअल असेल तर गाडी उभी ठेवून, इंजिन नुसतं सुरू असताना क्लच दाबा आणि सोडा. खडखड बदलत असेल तर ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचे हादरे शोषणारं दुहेरी चाक, बदलायला आलं असण्याची शक्यता आहे.

ऑइल कोणतं घातलंय तेही बिलावर बघा. डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं, एसीइए या युरोपी मानकाच्या सी गटातलं ऑइल लागतं. काजळी जळते, राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये साठतच जाते आणि दीड-दोन लाख किलोमीटरनंतर फिल्टर काढून धुवावा लागू शकतो. हा तुमच्या दुसऱ्या गाडीचा खरा खर्च आहे आणि तो मी लपवत नाही. म्हणून चांगला स्कॅनर असलेला मेकॅनिक सोबत न्या. काजळी किती ग्रॅम, राख किती, मागचं रिजनरेशन किती किलोमीटरपूर्वी झालं, हे बहुतेक गाड्यांत स्कॅनरवर वाचता येतं. दोन रिजनरेशनमधलं अंतर शंभर-दीडशे किलोमीटर दिसलं तर काहीतरी बिघडलंय. चार-पाचशेच्या पुढे असेल तर निश्चिंत व्हा. आणि कोणी "डीपीएफ आतून काढून टाकलाय, कटकटच नको" म्हणालं तर तिथून निघा. ते बेकायदेशीर आहे, आणि फिल्टर का बुजला होता ते दुखणं आत तसंच असतं.

सीटवर सलग एक तास बसून बघा. ही गोष्ट कोणी करत नाही, आणि हायवेवर इंजिनापेक्षा सीटच जास्त छळते.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. एक म्हणजे १,६०,००० चाललेली प्रत्येक गाडी चांगली नसते. फाइल नसेल तर ती नुसतीच जास्त चाललेली गाडी, माझा वरचा हिशोब तिला लागू नाही. टॅक्सी म्हणून शहरात फिरलेली १,६०,००० तर पहिलीपेक्षा वाईट. दुसरं, तुमचं हे हायवेचं काम वर्षभरात संपणार असेल आणि मग गाडी शाळा-बाजाराला वापरायची असेल, तर डिझेलच घेऊ नका, पेट्रोल बघा. काही शहरांत जुन्या डिझेलना आत येऊ देत नाहीत, तेही तुमच्या रस्त्यावरच्या शहरांपुरतं तपासा.

दादांचं म्हणणं अगदीच चूक होतं असं नाही. त्यांच्या तरुणपणीच्या डिझेलला डीपीएफ नव्हता आणि लाख किलोमीटरला इंजिन खोलावं लागायचं. तेव्हा कमी चाललेली गाडी घेणं शहाणपणाचंच होतं. पण ती टर्बो फुटलेली गाडी विकून मी त्याच फाइलवाल्या जातीची एक शोधली, १,४०,००० किलोमीटर चाललेली घेतली. आज ३,९०,००० वर आहे. टर्बो मूळचा आहे. सलग तीन तास पळवतो.

दुसरी गाडी बघायला जाताना विक्रेत्याला आदल्या दिवशी सांगा, मी येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा, गरम लागला तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. थंड इंजिन सुरू करताना चेनचा खुळखुळाट पहिल्या दोन-तीन सेकंदांतच ऐकू येतो, त्या वेळी कोणाला बोलू देऊ नका. आणि पहिली गाडी घरच्यांसाठी बघावीच लागली, तर त्यांच्यासमोर डिपस्टिक काढा, त्यांच्या नाकाशी धरा, आणि मी तेव्हा गिळलं ते मोठ्याने बोला.